उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी कशी जपायची

मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हाळा सरता सरता बॅटरी बदलायला गिऱ्हाइकं येऊ लागतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "मॅडम, मी तर कायम चार्जर लावूनच वापरतो, बॅटरी संपूच देत नाही. मग ती गेली कशी?" ती त्यामुळेच गेलेली असते.

लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन जातीचे छोटे सेल असतात. असा सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज ४.२ व्होल्टच्या घरात जातं, काही नव्या सेलचं ४.४ पर्यंतही. इतक्या ताणावर आतल्या रसायनांची झीज वेगानं होते, आणि उष्णता तो वेग आणखी वाढवते. म्हणजे १०० टक्के भरलेली बॅटरी आणि तापलेली खोली, ही जोडी सगळ्यांत वाईट. रात्रभर चार्जर राहिला म्हणून बॅटरीत जास्तीची वीज कोंबली जात नाही, मशीन भरल्यावर चार्जिंग थांबवतं. नुकसान होतं ते तासन् तास भरलेल्या अवस्थेत तापत राहिल्यानं.

म्हणून माझ्याकडून मशीन परत नेताना प्रत्येकाला मी आधी चार्जिंगची मर्यादा लावून देते. लेनोवोत ‘व्हँटेज’ अ‍ॅपमध्ये ‘कन्झर्वेशन मोड’ असतो, आसुसच्या ‘मायआसुस’मध्ये ‘बॅटरी केअर’. एचपी आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, सापडते. मॅकवर ‘ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग’ चालू ठेवा. मर्यादा साधारण ८० टक्के ठेवायची. प्रवासाला निघायचं असेल किंवा वादळी पावसात लाइट जायची शक्यता असेल, तर त्या दिवसापुरतं खुशाल १०० करा. खेडेगावातून येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांना लोडशेडिंगची धास्ती असते आणि ती खरीच आहे. बॅटरी वापरण्यासाठीच असते, तिच्यापायी अभ्यास अडता कामा नये.

मशीनमध्ये ही सोयच नसेल तर ८०च्या आसपास चार्जर काढा आणि २०-३०वर आल्यावर परत लावा. काटेकोर राहायची गरज नाही. शून्यापर्यंत उतरवून मग भरायचं, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियमला त्यानं त्रासच होतो. टक्के चुकीचे दाखवत असतील, म्हणजे ३०वरून एकदम बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरावं. त्यानं मोजणी सुधारू शकते, बॅटरी नाही.

उष्णतेचं म्हणाल तर गादी आणि उशी हे मोठे शत्रू. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात, ती गादीत रुतली की पंखा नुसता फिरत राहतो. टेबल, पाट, जाड पुठ्ठा, काहीही कडक चालेल. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते. उन्हात उभ्या गाडीत मशीन ठेवून बाजारात जाऊ नका. जाळीत धूळ साचली की वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. सुट्टीत महिना-दोन महिने वापरायचं नसेल तर निम्म्यावर चार्ज करून, पूर्ण बंद करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

बॅटरीची तब्येत विंडोजमध्ये फुकट कळते. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’, म्हणजे powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. तिच्यातले ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे पाहा. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर ७६ टक्के क्षमता उरली आहे. काम भागत असेल तर इतक्यावर बदलायची घाई करू नका.

बदलायचीच झाली तर जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवून घ्या, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि उत्पादनाची तारीख पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल नवा म्हणून घेऊ नका.

आणि टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना, तळ फुगलेला वाटला, तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि मशीन बंद करा. दाबून बसवू नका, टोचून हवा काढायला जाऊ नका, आग लागू शकते. तशीच दुकानात आणा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. तोवर ती कापड-कागदापासून दूर, फरशीवर ठेवा.