लांब उडीचे सारे टप्पे एका छायाचित्रात: या चुका टाळा

फळीवर पाय पडल्यापासून वाळूत कोसळेपर्यंत एकच खेळाडू पाच-सहा वेळा दिसणारे छायाचित्र पाहिले की हे सारे संगणकावर जमवलेले असणार, असा समज होतो. वस्तुतः ते मैदानावरच जमते किंवा बिघडते. सर्व फ्रेममधील पार्श्वभूमी तंतोतंत सारखी असेल तर जोडकाम अर्ध्या तासाचे असते. नसेल तर रात्र पुरत नाही.

पहिली चूक सवयीची असते. एरवी आपण धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवतो; येथे तो हलताच कामा नये. ट्रायपॉड धावपट्टीला काटकोनात लावावा, फळीपासून खड्ड्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत सारे चौकटीत घ्यावे आणि लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद करावे. एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) ऑटोवर राहिले, तर पांढरी जर्सी चौकटीच्या मध्यावर येताच कॅमेरा चित्र किंचित काळवंडवतो आणि जोडल्यावर त्या आकृतीभोवती ठिगळासारखा डाग उमटतो. फोकससाठी फळीजवळ कोणाला तरी उभे करावे, फोकस घ्यावा आणि लगेच मॅन्युअलवर जावे. रात्रीच्या दिव्यांखाली आणखी एक अडचण येते: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात आणि वेगवान शटरमध्ये प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा पडतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे दिव्यांची ही लुकलुक सांभाळून शटर उघडणारी सोय, असल्यास ते सुरू करावे.

शटरच्या बाबतीत कंजुषी नको. सेकंदाला ८ मीटर वेगाने जाणारे शरीर १/२५० सेकंदात तीन सेंटिमीटरहून अधिक सरकते, १/१६०० मध्ये जेमतेम अर्धा सेंटिमीटर. हातपाय तर त्याहून वेगाने फिरत असतात.

याच वेगामुळे दुसरी मोठी चूक घडते, ती म्हणजे मिळालेल्या सर्व फ्रेम वापरण्याचा मोह. सेकंदाला २० फ्रेम घेतल्या तर दोन आकृत्यांत सुमारे ४० सेंटिमीटरच अंतर उरते आणि हवेत पसरलेले हातपाय एकमेकांत गुंततात. हालचालींची छायाचित्रे घेणारे फ्रान्समधील शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांना १८८० च्या दशकात हीच अडचण आली होती. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेताना आकृत्यांचा गोंधळ होई, म्हणून त्यांनी माणसाला काळा पोशाख चढवून हातापायांवर फक्त पांढऱ्या रेघा ठेवल्या. आपल्याला पोशाख बदलायला नको. दर तिसरी फ्रेम घेतली तरी पुरते. मात्र फळीवरचा पाय आणि वाळूला टेकणाऱ्या टाचा या दोन फ्रेम काहीही झाले तरी सोडू नयेत. जागच्या जागी होणाऱ्या हालचालींना हे तंत्र मानवतच नाही. मल्लखांबाच्या एकाच खांबावर सहा आकृत्या रचल्या तर खांबच दिसेनासा होईल.

फोटोशॉपमध्ये फ्रेम लेयर म्हणून (एकावर एक थर रचून) आणून आधी ऑटो-अलाइन करावे, म्हणजे त्या एकमेकींशी जुळवून घ्याव्यात, कारण शटर दाबतानाही ट्रायपॉड केसभर हलतो. त्यानंतर बहुतेक जण खेळाडूला कडेकडेने कोरून काढतात. एवढी मेहनत व्यर्थ आहे. पार्श्वभूमी तीच असल्यामुळे लेयर मास्कवर (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर) मऊ ब्रशने आकृतीभोवती सैलसर जागा उघडावी. केसही शाबूत राहतात आणि जमिनीवरची सावलीही सोबत येते. सावलीविना हवेत टांगलेला खेळाडू कात्रणासारखा दिसतो. उडालेली वाळू शेवटच्या फ्रेममधूनच, पण भरपूर मोकळी सोडून घ्यावी.

हा सैलपणा फळीजवळच्या पंचांच्या बाबतीत मात्र अंगाशी येतो. एका जिल्हास्तरीय स्पर्धेतल्या माझ्या जोडचित्रात पंचांचा एक हात मांडीवर होता आणि दुसरा, त्याच खांद्यातून निघालेला, पांढरे निशाण उंचावत होता. पंच, प्रेक्षक, झेंडे असे जे जे हलते, ते एकाच फ्रेममधून घ्यावे. त्यासाठी उडीपूर्वी रिकाम्या खड्ड्याची एक फ्रेम घ्यायला हवी. ती राहिली असेल, तर जुळवलेले सर्व लेयर एकाच स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (फोटोशॉपमधल्या गठ्ठ्यात) बांधून स्टॅक मोडमध्ये मीडियन, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी सर्व फ्रेममधले मधले मूल्य, निवडावे. जी जागा निम्म्याहून अधिक फ्रेममध्ये मोकळी आहे, तेथून खेळाडू आपोआप नाहीसा होतो.