जुन्या युनिक्स सर्व्हरला टर्मिनल जोडताना या चुका टाळा

लॉगिन होतं, प्रॉम्प्टही येतो, पण बॅकस्पेस दाबला की अक्षर पुसलं जाण्याऐवजी ^एच उमटतं. मेन्यूच्या चौकटीच्या जागी एल, क्यू, क्यू, क्यू, के अशी अक्षरांची रांग दिसते. एफ३ दाबून बाहेर पडावं तर प्रोग्रॅम ढिम्म. एआयएक्स, एचपी-यूएक्स, सोलॅरिस किंवा एससीओ ओपनसर्व्हर यांपैकी कुठल्या युनिक्सचं जुनं मशीन ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना ही लक्षणं चांगलीच परिचयाची असतील. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे इम्युलेटरच्या (जुन्या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक खूण बदलत बसणं. त्यात एक कळ चालायला लागते आणि दुसऱ्या दोन बंद पडतात.

असं का होतं? इम्युलेटर कळ दाबल्यावर काही बाइट पाठवतो आणि आलेल्या बाइटचा स्वतःच्या समजुतीने अर्थ लावतो. सर्व्हरला तुमचा पडदा दिसत नाही. त्याला टर्म या व्हेरिएबलमधून फक्त एक नाव कळतं. त्या नावाची नोंद तो टर्मकॅप किंवा टर्मिन्फो या टर्मिनलांच्या माहितीच्या संग्रहात शोधतो आणि तिथे लिहिलेलं डोळे मिटून खरं मानतो. इम्युलेटरचं वागणं आणि सर्व्हरकडची नोंद यांचा मेळ बसला नाही की वरचे सगळे घोळ होतात. म्हणून सेटिंग बदलण्याआधी दोन्ही बाजू तपासायच्या.

न मोजता सेटिंग बदलणं

तपासणी दोन मिनिटांची आहे. सर्व्हरवर ओडी ही बाइट छापून दाखवणारी कमांड -सी पर्यायासह चालवा, अडणारी कळ दाबा, एंटर मारा आणि कंट्रोल-डी द्या. कळीने खरोखर कोणते बाइट पाठवले ते समोर येतील. एस्केप तिथे ०३३ असं दिसतं. मग टर्मिन्फो वाचणाऱ्या टीपुट कमांडने केएफ१ ही एफ१ कळीची नोंद काढा आणि तिचं आउटपुट पाइपने त्याच ओडीला द्या. सर्व्हरला एफ१ कळीकडून काय अपेक्षित आहे ते कळेल. एंटरचा \एन सोडून दोन ओळी सारख्या असतील तर कनेक्शन निर्दोष आहे आणि दोष ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधायचा. वेगळ्या असतील तर काय बदलायचं ते तुमच्या डोळ्यांसमोरच आहे.

पुटी या इम्युलेटरचं उदाहरण घ्या. तिच्या मूळ सेटिंगमध्ये एफ१ दाबलं की एस्केप, चौकोनी कंस, ११ आणि टिल्डे जातं. व्हीटी१००च्या नोंदीत त्या जागी एस्केप, ओ, पी असतं. एससीओच्या एएनएसआय कन्सोलला एस्केप, चौकोनी कंस, एम हवं असतं. कळ तीच, पण भाषा तीन. पुटीच्या कीबोर्ड पॅनेलमध्ये फंक्शन कळांसाठी लिनक्स, एक्सटर्म आर६, व्हीटी४००, व्हीटी१००+, एससीओ असे पर्याय दिले आहेत ते याचसाठी. एससीओच्या मशीनवर एससीओ निवडा, व्हीटी१०० सांगितलं असेल तर व्हीटी१००+ निवडून पाहा. पण निवडल्यावर पुन्हा मोजा.

टर्ममध्ये जे सुचेल ते नाव टाकणं

आजचे बहुतेक इम्युलेटर स्वतःची ओळख एक्सटर्म-२५६कलर अशी करून देतात. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं एसएसएच ते नाव इमानेइतबारे सर्व्हरपर्यंत पोहोचवतं. जुन्या सोलॅरिसच्या टर्मिन्फोमध्ये हे नाव नसतं, त्यामुळे व्हीआय हा एडिटर तक्रार करतो की तुमचं टर्मिनल कोणतं ते मला माहीत नाही, आणि ओपन मोडमध्ये उघडतो. एका वेळी एकच ओळ दिसणारा हा मोड पाहून नवखा माणूस फाइल बिघडली असं समजतो. फाइल जागच्या जागी सुखरूप असते.

इथे पुष्कळ जण नव्या मशीनवरून इन्फोकॉम्पने नोंद काढून जुन्या मशीनवर टिक कमांडने बसवायला जातात. जमलं तर छानच, पण जुना टिक नव्या नोंदीतल्या अनोळखी गुणधर्मांवर अडतो. शिवाय घरच्या डिरेक्टरीत बसवलेली नोंद जुनं सिस्टिम व्ही आपणहून शोधत नाही. टर्मिन्फो या नावाचं व्हेरिएबल त्या डिरेक्टरीकडे रोखून ठेवावं लागतं. माझ्या मते २५६ रंगांसाठी एवढा उपद्व्याप करण्यात अर्थ नाही. एसएसएच कमांडच्या आधी त्याच ओळीत टर्म=व्हीटी२२० किंवा टर्म=एक्सटर्म लिहिलं की काम भागतं. सोलॅरिस आणि एचपी-यूएक्सवर रंग हवेच असतील तर डीटीटर्म हे नाव करून पाहा.

व्हीटी१०० की व्हीटी२२०, हा प्रश्न नेहमी येतो. डीईसी कंपनीचं व्हीटी१०० १९७८चं. त्यावर एफ१ ते एफ१२ कळाच नव्हत्या. पीएफ१ ते पीएफ४ अशा चारच होत्या, त्याही अंकांच्या कीपॅडवर. १९८३च्या व्हीटी२२०वर वरची फंक्शन कळांची रांग आली, पण तिच्यातल्या पहिल्या पाच कळा टर्मिनलच्या स्वतःच्या कामाच्या होत्या. सर्व्हरकडे जायच्या त्या एफ६ ते एफ२०. ॲप्लिकेशनला दहा-बारा फंक्शन कळा लागत असतील तर व्हीटी१०० सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. एआयएक्सवरच्या स्मिटी या व्यवस्थापनाच्या मेन्यूत मात्र पळवाट आहे: एफ३ चालत नसेल तर एस्केप दाबून ३ दाबा.

आणखी एक छुपा शत्रू म्हणजे लॉगिनच्या वेळी चालणारी जुनी प्रोफाइल फाइल. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यात टर्म=व्हीटी१०० किंवा वायस६० अशी ओळ लिहून ठेवलेली असते. तुम्ही इम्युलेटरमध्ये काहीही निवडा, लॉगिन होताच ती ओळ सगळं पुसून टाकते. लॉगिननंतर सगळ्यात आधी टर्मची किंमत छापून पाहा. आपण पाठवलेली नसेल तर ईटीसी डिरेक्टरीतली प्रोफाइल आणि घरची प्रोफाइल, दोन्ही उघडा.

बॅकस्पेसला किरकोळ समजणं

या चुकीची किंमत सगळ्यात जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर. बॅकस्पेस दाबल्यावर इम्युलेटर दोनपैकी एक बाइट पाठवतो: ८, म्हणजे कंट्रोल-एच, किंवा १२७, म्हणजे डीईएल. पुटीमध्ये मुळात १२७ निवडलेलं असतं. सर्व्हरची अपेक्षा वेगळी असेल तर फार तर अक्षर पुसलं जाणार नाही, असं आपण धरून चालतो. पण सुरुवातीच्या युनिक्समध्ये पुसण्याची खूण होती #, अख्खी ओळ रद्द करण्याची खूण @, आणि चालू प्रोग्रॅम थांबवण्याची खूण होती डीईएल. कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातली ही पद्धत. छापलेलं अक्षर तिथे पुसता येत नसेच. सिस्टिम व्ही वंशाच्या जुन्या मशीनवर ही मूळ सेटिंग पुढे कित्येक वर्षं टिकून राहिली. एचपी-यूएक्सच्या लॉगिन प्रॉम्प्टवर ती हमखास भेटते.

परिणाम पाहा. एससीओवर डेटा एंट्री चालू आहे, बोट चुकलं, बॅकस्पेस दाबला. १२७ गेला आणि प्रोग्रॅम बंद. किंवा पासवर्डमध्ये @ आहे. एचपी-यूएक्सच्या लॉगिनला तो अख्खी ओळ रद्द करण्याचा हुकूम वाटतो आणि @नंतरची अक्षरं तेवढी पासवर्ड म्हणून धरली जातात. पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून देणाऱ्याला काही केल्या कारण सापडत नाही. अशा मशीनच्या पासवर्डमध्ये # आणि @ वापरूच नका. नाहीतर @च्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

लॉगिन झाल्यावर टर्मिनलची सेटिंग दाखवणारी एसटीटीवाय कमांड -ए पर्यायासह चालवा आणि इरेझ (पुसणं), किल (ओळ रद्द), इंटर (प्रोग्रॅम थांबवणं) या तीन नावांपुढे काय लिहिलंय ते वाचा. मग सर्व्हरला अनुरूप इम्युलेटर बदलायचा की उलट, ते एकदाच ठरवा. मी इम्युलेटर बदलतो, कारण सर्व्हरची सेटिंग तिथे येणाऱ्या इतरांवरही परिणाम करते. एसटीटीवायने बदल करायचाच असेल तर प्रोफाइलमध्ये ^एच एकेरी अवतरणात लिहा. जुन्या बोर्न शेलमध्ये (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ^ ही पाइपचीच दुसरी खूण आहे. अवतरण विसरलात तर शेल एच नावाची कमांड शोधत बसतो आणि लॉगिनला विचित्र एरर येते.

एसटीटीवायची ही ओळ सरसकट चालू ठेवणं ही त्याच्या पुढची चूक. एससीपी किंवा आरसीपीने फाइल पाठवताना तिकडे टर्मिनल नसतं. अशा वेळी एसटीटीवाय कुरकुर करतो, आणि सीशेल या दुसऱ्या शेलच्या आरसी फाइलमध्ये एखादा इको (मजकूर छापणारी कमांड) असेल तर फाइल पाठवणंच मोडतं. आधी टेस्ट -टी ० ने टर्मिनल असल्याची खात्री करा, मगच एसटीटीवाय चालू द्या.

चौकटी बिघडल्या की फाँट बदलणं

फाँटचा दोष क्वचित असतो. पडद्यावर नेमकी कोणती घाण दिसते तेच निदान आहे. एल, क्यू, के, एक्स दिसत असतील तर सर्व्हर डीईसीच्या रेषांचा अक्षरसंच मागतोय आणि इम्युलेटर ते ऐकत नाही. पुटी यूटीएफ-८ या अक्षरसंचात असताना हे होतं. तिच्या ट्रान्सलेशन पॅनेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये यूटीएफ-८ असतानाही व्हीटी१००च्या रेषा काढू देणारा पर्याय आहे. दोन टिंबांचा ए आणि वर चढवलेला ३ दिसत असतील तर सर्व्हर कोडपेज ४३७ या जुन्या पीसी अक्षरसंचात पाठवतोय आणि तुम्ही ते लॅटिन-१ या दुसऱ्या अक्षरसंचात वाचताय. एससीओच्या बाबतीत बहुधा हेच. प्रश्नचिन्हं किंवा हिऱ्याच्या आकाराचे काळे चौकोन दिसत असतील तर तेच बाइट तुम्ही यूटीएफ-८ म्हणून वाचताय. दोन्हीवर उपाय एकच, रिमोट अक्षरसंच सीपी४३७ करा.

उलटा प्रकारही होतो: तुमचं सगळं लिखाणच रेषा बनून जातं. कुणीतरी बायनरी फाइल कॅट कमांडने पडद्यावर ओतलेली असते. खिडकी बंद करायची गरज नाही. इम्युलेटरच्या मेन्यूतलं रीसेट टर्मिनल वापरा. एंटर दाबल्यावर ^एम उमटत असेल तर कंट्रोल-जे, मग एसटीटीवाय सेन, मग पुन्हा कंट्रोल-जे द्या. अशा वेळी प्रॉम्प्टवर पुटीपुटीपुटी असं आपोआप टाइप झालेलं दिसलं तर व्हायरस समजू नका. फाइलमधल्या कंट्रोल-ई या बाइटला पुटी स्वतःचं नाव सांगून उत्तर देते.

खिडकी मोठी केली की सर्व्हरलाही कळलं असं मानणं

एसएसएच आणि बहुतेक टेलनेट खिडकीचा नवा आकार सर्व्हरला कळवतात. सीरियल केबल कळवत नाही. तिथे एसटीटीवायला रोज (rows, म्हणजे ओळी) २४ आणि कॉलम्स ८० असं हाताने सांगावं लागतं. प्रोफाइलमध्ये लाइन्स आणि कॉलम्स ही व्हेरिएबल्स कुणी कायमची ठोकून ठेवली असतील तर कळवूनही उपयोग होत नाही, ती काढून टाका. मुळात ८० बाय २४ गृहीत धरूनच लिहिलेले प्रोग्रॅम असतात. त्यांच्यासाठी खिडकी तेवढीच ठेवा आणि फाँट मोठा करा.

पडदा गोठला तर जोडणी तोडण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून पाहा. चुकून कंट्रोल-एस दाबला गेलेला असतो.

एसएसएच जोडत नाही म्हणून सगळीच दारं उघडणं

नवा ओपनएसएसएच (एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा प्रोग्रॅम) जुन्या सर्व्हरला जोडताना जुळणारी की एक्स्चेंज (किल्ली ठरवण्याची) पद्धत सापडली नाही म्हणून नकार देतो. डिफी-हेलमन ग्रुप १ आणि डीएसए किल्ल्या २०१५च्या ७.० आवृत्तीत मूळ सेटिंगमधून बंद झाल्या, शा-१ वापरणारी आरएसए सही २०२१च्या ८.८ मध्ये. डीएसए तर २०२५च्या १०.० मधून काढूनच टाकलं आहे, फक्त डीएसए जाणणाऱ्या सर्व्हरला ओपनएसएसएचने जोडायचं तर त्याचा जुना क्लायंट ठेवण्यावाचून मार्ग नाही. बाकीचं चालू करता येतं, पण कॉन्फिग फाइलमध्ये त्याच एका होस्टच्या नावाखाली, अधिक चिन्ह लावून. तारांकित होस्टखाली (* म्हणजे सगळे होस्ट) लिहिलंत तर तुमची प्रत्येक जोडणी कमजोर अल्गोरिदम स्वीकारायला तयार होते. वैतागून टेलनेट या जुन्या जोडणीकडे वळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. वेगळ्या बंदिस्त नेटवर्कबाहेर ते नकोच.

सन मशीनच्या कन्सोलवरची केबल बिनधास्त उपटणं

सनच्या स्पार्क प्रोसेसरवरच्या मशीनचा कन्सोल (मुख्य टर्मिनल) सीरियल पोर्टवर असेल तर ब्रेक सिग्नल मिळताच सोलॅरिस जागीच थांबतं आणि ओके प्रॉम्प्ट येतो. ब्रेक फक्त मेन्यूतून पाठवला जातो असं नाही. टर्मिनल बंद केल्यावर किंवा टर्मिनल सर्व्हर (सीरियल लाइन नेटवर्कवर आणणारं यंत्र) रीबूट झाल्यावर लाइनवर जो झटका बसतो, तोही मशीनला ब्रेक वाटू शकतो. बाकीच्यांना सर्व्हर पडल्यासारखा वाटतो. तिथे घाईघाईने रीबूट करू नका. ओके प्रॉम्प्टवर गो टाइप केलं की मशीन होतं तिथून पुढे चालू लागतं. सोलॅरिस ८ पासून पुढे केबीडी कमांडला -ए अल्टरनेट देऊन साध्या ब्रेकऐवजी वेगळी कळजोडणी लावता येते. ती रीबूटनंतरही टिकावी म्हणून ईटीसीच्या डिफॉल्ट डिरेक्टरीतल्या केबीडी फाइलमध्ये कीबोर्ड_ॲबॉर्टची किंमत अल्टरनेट करून ठेवा.