पिल्लंवाली कोंबडी पुन्हा कळपात सोडताना

कोंबडी अंड्यांवर बसवल्यापासून 21 दिवसांनी पिल्लं फुटली की पहिला आठवडा मी आईला पिल्लांसकट डालग्याखालीच, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखालीच ठेवते. डालगं मात्र अंगणात, बाकीच्या कोंबड्यांसमोर. बांबूच्या फटींतून त्या डोकावतात, ओळख राहते.

मग संध्याकाळी, खुराड्यात शिरायच्या तासभर आधी सोडायचं. कणी दोन-तीन ठिकाणी टाका. कोणी पिल्लाला टोचायला आली की आई मानेची पिसं फुलवून, पंख जमिनीला घासत धावते. तेव्हा मध्ये पडू नका, तिचा दरारा तिलाच बसवू द्या. रक्त दिसलं तर मात्र लगेच पुन्हा डालग्याखाली.

पाणी बशीत, खडे टाकून. गेल्या पावसाळ्यात कळपाच्या खोल परातीत माझं एक पिल्लू बुडालं, अजून जीव हळहळतो.