कोरलची फाईल छापखान्यात देण्याआधी

गोव्यात जत्रा-काल्याचे दिवस आले की देवस्थानांच्या पत्रिका आणि नाटकांची हँडबिलं एकदम अंगावर येतात. मांडणी घरच्या संगणकावर होते, छपाई फोंड्याला किंवा म्हापशाला. घोळ नेमका मध्ये होतो, कारण मांडणीचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ (बोलताना नुसतं कोरल) याच्या जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीची फाईल उघडत नाही. उलट मात्र चालतं.

म्हणून आधी छापखान्यात फोन करून त्यांच्याकडे कुठलं कोरल आहे ते विचारा. उत्तर नावात मिळेल, सेव्हच्या चौकटीत मात्र आकडे असतात: एक्स-३ म्हणजे १३, एक्स-४ म्हणजे १४, असं करत एक्स-८ म्हणजे १८, पुढे २०१७ म्हणजे १९, २०१८ म्हणजे २०. 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन 'व्हर्जन'च्या यादीतून हवा तो आकडा निवडा आणि फाईलला वेगळं नाव द्या. मूळ फाईलवरच खालची आवृत्ती सेव्ह करू नका. नव्या कोरलमधले काही इफेक्ट खाली उतरताना बदलतात, काहींचं सपाट चित्र होतं, आणि मग ते सुधारता येत नाहीत. नवी प्रत बंद करून पुन्हा उघडा आणि मूळ फाईलशी ताडून पाहा.

आवृत्ती जुळली तरी फॉन्ट उडू शकतो, आणि खरी नासाडी इथेच होते. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. छापखान्यात तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या नव्या पद्धतीची, अडचण वेगळी. एक्स-६ च्या आधीच्या कोरलला जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. 'श्री शांतादुर्गा प्रसन्न'मधला रफार सुटतो, पाय मोडलेली अक्षरं दिसतात. देवीचं नाव असं छापून जाणं कुणालाच परवडणारं नाही.

उपाय म्हणजे छपाईच्या प्रतीतला सगळा मजकूर कर्व्ह करणं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करणं, ज्यांना फॉन्ट लागत नाही: कंट्रोल-ए, मग कंट्रोल-क्यू. लॉक केलेला किंवा पॉवरक्लिपच्या (दुसऱ्या आकाराच्या चौकटीच्या) आत बसवलेला मजकूर यातून निसटतो. लॉक काढा, पॉवरक्लिप उघडून आत जा, तिथेही कर्व्ह करा. शेवटी 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' पाहा. तिथे एकाही फॉन्टचं नाव उरलेलं नसावं.

सोबत पीडीएफ द्याच. 'पब्लिश टू पीडीएफ'मध्ये पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा प्रकार निवडा आणि सगळा मजकूर कर्व्ह करण्याच्या पर्यायावर खूण करा. मजकूर पक्का असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षरं फुटतात.

फाईलच्या नावाची शेपटी (टिंबानंतरची अक्षरं) बदलून आवृत्ती बदलत नाही. आणि कर्व्ह केलेल्या मजकुरात तिथी किंवा नटाचं नाव दुरुस्त करता येत नाही. तशी वेळ आली तर मूळ फाईलमध्ये बदल करून छपाईची प्रत आणि पीडीएफ दोन्ही नव्याने काढा, नावात तारीख घाला आणि जुनी पीडीएफ वापरू नका असं छापखान्याला आवर्जून कळवा.