मुसारची वही: तेरा गुण, तेरा आठवडे आणि हसू येईल इतकी लहान कबाला

स्वभाव सुधारण्याच्या ज्यू साधनेला मुसार म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातल्या रब्बी इस्राएल सलांतर (१८१०–१८८३) यांनी तिची चळवळ केली. तिच्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार मात्र त्यांच्याही आधीचं आहे. सातानोवच्या मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ साली 'हेश्बोन हानेफेश', म्हणजे 'आत्म्याचा हिशेब', हे पुस्तक छापलं. त्यातली वहीची युक्ती मूळची बेंजामिन फ्रँकलिनची. सलांतरांच्या पुढाकाराने १८४०च्या दशकात ते विल्नात (आजच्या विल्नियसमध्ये) पुन्हा छापलं गेलं. इथे सांगतोय ती पद्धत तीच. चांगलं वागण्याचे सुविचार ज्यांना हवेत, त्यांच्यासाठी कॅलेंडरं असतात.

वही आखायला पाच मिनिटं लागतात: आडव्या १३ ओळी, उभे ७ रकाने, आठवड्याला एक पान. लेफिन यांचे तेरा गुण असे: चित्ताची स्थिरता, सोशिकपणा, व्यवस्थितपणा, कामातला निश्चय, स्वच्छता, नम्रता, न्याय, काटकसर, तत्परता, मौन, सौम्य बोलणं, सत्य आणि संयम. यादी तुमच्या स्वभावाप्रमाणे बदलायला हरकत नाही. दर आठवड्याला एकच गुण कामाला घ्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. फोनवरचं अ‍ॅप वापरू नका. हिशेब उघडायला जाल आणि मेसेज वाचत बसाल.

सुरुवात सगळ्यात मोठ्या दोषापासून करू नका. ज्याला राग आवरत नाही तो हमखास रागापासूनच सुरू करतो, आणि दुसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते. आधी व्यवस्थितपणा किंवा मौन घ्या. तिथे चुका सहज मोजता येतात आणि हाताला वहीची सवय लागते. हिब्रूत गुणाला 'मिद्दा' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ माप. काटकसर वाढली की चिकटपणा होतो, नम्रता वाढली की लाचारी. म्हणून आधी आपलं माप कुठे जास्त झालंय आणि कुठे कमी, ते बघा. मध्ययुगातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांचा नियम असा की, स्वभाव एका टोकाला गेला असेल तर काही काळ उलट टोकाला जायचं, मग मध्यावर यायचं. राग आणि गर्व हे दोन मात्र अपवाद. तिथे मध्य नाही, थेट उलट टोकाला जायचं.

सकाळी त्या आठवड्याच्या गुणाचं एक वाक्य मोठ्याने, चालीवर, चारपाच वेळा म्हणायचं. याला 'हित्पाअलुत' म्हणतात. हल्लीचे शिकवणारे लाजेपोटी हे गाळतात आणि 'मनातल्या मनात वाचा' असं सांगतात. मनातल्या मनात वाचलेलं वाक्य दहा वाजेपर्यंत विसरलेलं असतं. घरात माणसं असतील तर न्हाणीघरात म्हणा.

आता खरी अडचणीची जागा: कबाला. गूढविद्येतली कब्बाला ती ही नव्हे. कबाला म्हणजे त्या आठवड्यापुरता स्वतःवर घेतलेला एक छोटा नेम. बहुतेक माणसं इथेच अडतात, आणि तेही आळसाने नाही तर उत्साहाने. 'या आठवड्यात कुणावर चिडणार नाही' ही कबाला नव्हे, ही नवसाची भाषा झाली. सोमवारी सकाळी पावणेनऊला ती मोडते, आणि एकदा मोडली की उरलेला आठवडा माणूस वहीकडे बघत नाही. उलट, 'मी असाच आहे' याचा एक लेखी पुरावा मात्र तयार होतो.

चालणाऱ्या कबालेत चार गोष्टी ठरलेल्या असतात: कधी, कुठे, कुणाशी आणि किती वेळा. सोशिकपणाचं उदाहरण घ्या. हिब्रूत त्याला 'सबलानुत' म्हणतात. ओझं वाहणं या धातूपासून तो शब्द आला आहे. त्याच धातूपासून हमालाला 'सबाल' म्हणतात. म्हणजे सोशिकपणात शांत वाटण्याची अट नाही, चिडचिड होत असताना ती डोक्यावर घेऊन चार पावलं चालायचं आहे. मग कबाला अशी: 'दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणाआधी, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मी बोलणार नाही.' एकदाच. दुसऱ्यांदा मध्येच बोललात तर ओळीत खूण होईल, पण कबाला मोडली असं होत नाही.

हे वाचून 'एवढंच?' असं वाटत असेल तर माप बरोबर आहे. वाटत नसेल तर अर्धं करा. एवढ्या लहान गोष्टीने काय होणार, या प्रश्नाचं उत्तर मायमोनिडीज यांनी देऊन ठेवलं आहे. हजार नाणी एकदम एकाच माणसाला देणाऱ्यापेक्षा एकेक नाणं हजार वेळा देणाऱ्याच्या अंगात दानत मुरते, कारण त्याची मूठ हजार वेळा उघडते. लेफिन यांचाही भर हळूहळू वळण लावण्यावर आहे. शपथ मात्र घेऊ नका. ज्यू परंपरेत शपथेचं वजन फार मोठं, म्हणून जाणकार नेम धरतानाच 'ब्ली नेदेर', म्हणजे 'नवस नव्हे', असं म्हणून टाकतात. तुम्हीही म्हणा.

याच्या अगदी उलट वाट नोवार्दोकच्या (आजच्या बेलारूसमधल्या गावच्या) मुसार शाळेने धरली होती. तिथले विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागत. लोकांनी हसावं आणि 'लोक काय म्हणतील' ही भीती मोडावी, हा हेतू. ऐकायला झकास आहे, म्हणून नवखे लोक हेच आधी करून बघतात. करू नका. ते विद्यार्थी एकत्र राहत, त्यांच्यावर गुरूंची नजर असे. एकट्याने केलेला असला प्रकार बहुतेक वेळा गर्वच वाढवतो: बघा, मी किती निडर!

रात्रीचा हिशेब दहा मिनिटांत आटपा. तेराही ओळींत त्या दिवशी चुकलेल्या प्रसंगाला एकेक टिंब द्या. चालू गुणाच्या ओळीसाठी मात्र खाली दोन वाक्यंही लिहा. 'आज चिडलो' हे निरुपयोगी. '१:२०, लिफ्टपाशी, शेजारी गॅसच्या नंबरबद्दल दुसऱ्यांदा विचारत होते, मध्येच तोडलं; सकाळपासून पोटात काही नव्हतं' हे उपयोगी, कारण असे चार प्रसंग लिहिले की भूक चारही ठिकाणी सापडते, आणि पुढची कबाला सोशिकपणाची न होता अकरा वाजता काही खाण्याची होते. स्वतःला शिव्या घालणारं एकही वाक्य लिहू नका. त्यात पश्चात्तापाचा आव असतो, माहिती नसते. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं वर्ज्य, म्हणून पाळणारे लोक शुक्रवार संध्याकाळपासूनची टिंबं शनिवारी चांदण्या दिसल्यावर देतात. स्मरणावर भिस्त ठेवावी लागत असल्याने तो रकाना नेहमी जरा स्वच्छ दिसतो. त्यावर खूश होऊ नका.

टिंब दुसऱ्या माणसाबाबत असेल तर वहीत देऊन भागत नाही. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाचा दंडक असा की, माणसामाणसातला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय योम किपूरने, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसानेही, धुतला जात नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू योम किपूरला दारफळणीचा, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण म्हणत; समजुतीची कामं ती दारं लागायच्या आत उरकायची. एक पेच आहे: पाठीमागे निंदा केली आणि त्याला ठाऊकच नाही, तर? निंदेच्या नियमांवर ग्रंथ लिहिणारे रब्बी खाफेत्झ खाइम म्हणत, जाऊन सांगा आणि माफी मागा. सलांतर म्हणत, आपलं मन हलकं करण्यासाठी त्याला नवं दुःख देण्याचा तुम्हाला अधिकार नाही. इथे सलांतरांचं ऐका.

आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोला. दोघं असली तरी चालतं. चारपाच जणांच्या गटाला 'वाअद' म्हणतात. प्रत्येकाने आपली कबाला आणि ती किती दिवस पाळली एवढंच सांगायचं. नवराबायकोची जोडी शक्यतो नको. तिथे तिसऱ्या मिनिटाला एकमेकांचा हिशेब सुरू होतो.

चौदाव्या आठवड्यात पहिला गुण परत येतो. तेव्हा जुनं पान लगेच उघडू नका. आधी नवी कबाला लिहा, मग पान उलटा. दोन्ही शब्दशः सारख्या निघाल्या तर नवी खोडा आणि तिचा निम्मा भाग लिहा.