वेरूळ-अजिंठ्याला निघालात? या चुका टाळा

शनिवारी रात्री बेळगाव सोडायचं, रविवारी वेरूळ उरकायचं, सोमवारी अजिंठा करून परत फिरायचं. खानापूर असो की निपाणी, जोडसुट्टी आली की हाच बेत ठरतो आणि हमखास फसतो. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. निपाणीची एक क्रूझर अशीच संभाजीनगरहून पहाटे निघून १०० किलोमीटरवरच्या, अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला पोचली, तर पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही. बारा माणसं, त्यात दोन आज्या आणि डबाभर दशम्या. वेरूळ आदल्याच दिवशी झालेलं, त्यामुळे दशम्या तिथंच संपवून गाडी माघारी. बेत नुसता उलटा केला असता, रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ, तर दोन्ही झालं असतं. त्याहून बरं म्हणजे शुक्रवारी रात्रीच निघा. शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा.

गाडी फर्दापूरलाच ठेवावी लागते. पुढचे ४ किलोमीटर एसटीच्या बसने. सुटे पैसे ठेवा.

दुसरी चूक अंधाराची. रखरखत्या उन्हातून थेट अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात शिरायचं आणि अर्ध्या मिनिटात ‘काय दिसंना’ म्हणत मोबाइलचा फ्लॅश मारायचा. फ्लॅशला बंदी आहे, शिवाय त्यात रंग भकास दिसतात. आत भिंतीपासून दूर, पाच-सात मिनिटं गप्प उभं राहा. डोळे सरावले की गाभाऱ्याच्या डावीकडे चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू वर येतो: झुकलेली मान, हातात निळं कमळ. भिंतीला टेकू मात्र नका. खडबडीत बेसाल्टवर माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग, अशी ही चित्रं आहेत. गिलाव्याचा पोपडा सुटला की चित्रही गेलं.

तीसच्या तीस लेणी पळत पाहणाऱ्यांना काय सांगावं! १, २, १६, १७, १९ आणि २६ नीट पाहा, पुष्कळ झालं.

‘बदामी बघितलीय, तेच असणार,’ हेही नेहमीचंच. बदामीचा दगड तांबडा वाळूचा, हा लाव्हाचा काळा. वेरूळचं कैलास मंदिर तर डोंगर वरून खाली खोदत काढलंय. म्हणून शेजारची वाट खुली असेल तर आधी वरून पाहा, मग आत उतरा. त्याचं तोंड पश्चिमेला, तेव्हा दुपारनंतर जा. सकाळी जैन लेणी, ३० ते ३४. ती जरा लांब आहेत, संध्याकाळी पाय उरत नाहीत.

लेसचे बूट नकोत. चित्रांच्या लेण्यांत दर वेळी काढावे लागतात.