पावसाळ्यात गोव्याच्या रानात येताय? या चुका टाळा

मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो. कोल्हापूरचा आत्येभाऊ, पुण्यातली मावसबहीण, बेळगावचे जुने मित्र, सगळ्यांचा प्रश्न एकच: "धबधबे सुरू झाले का?" मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. आमच्याकडे धबधब्याला वझर म्हणतात आणि ओढ्याला व्हाळ. लहानपणापासून या पाण्याच्या कडेनेच वाढलो, त्यामुळे माणसं पावसात रान पाहायला येतात याचा मनापासून आनंद होतो. पण दर वर्षी कुणीतरी परत जात नाही. ती बातमी वाचताना पोटात खड्डा पडतो, कारण बहुतेक वेळा चूक लहानशी असते आणि आधी कुणी सांगितलं असतं तर टळली असती.

किनाऱ्यापासून तास-दीड तासावर पूर्वेला सह्याद्री उभा आहे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं एकमेकांना लागून उत्तर-दक्षिण पसरली आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि डोंगराच्या अंगाला किनाऱ्यापेक्षा जास्त. हे पाणी काही तासांत उतारावरून खाली येतं. पुढच्या निम्म्या गोष्टी या एकाच कारणाशी जोडलेल्या आहेत.

डोक्यावरचा पाऊस बघून पाण्यात उतरणं

ही सर्वांत मोठी चूक आहे. तुम्ही उभे आहात तिथे ऊन पडलेलं असतं, पक्षी ओरडत असतात, पाणी घोट्याएवढं आणि आरशासारखं नितळ. मनात येतं, आता उतरायला काय हरकत आहे? पण व्हाळाचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगावर ठरत नाही, वरच्या डोंगरावर ठरतं. म्हादई नदीचा उगमच कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आहे. तिकडे तासभर झोडपून पाऊस पडला की इकडे कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो.

लोंढा येण्याआधी पाणी सांगतं. नितळ पाणी गढुळतं आणि चहासारखं तांबूस होतं. कडेकडेने पाला, काटक्या, फेस वाहत येतो. आवाज बदलतो: खळखळ जाऊन एक जड, खालचा घुमारा सुरू होतो. यातलं एकही दिसलं किंवा ऐकू आलं, तर मागे ठेवलेली पिशवी घेण्यासाठीसुद्धा थांबू नका, काठ चढा. माझे वडील रानात गेल्यावर एक गोष्ट न चुकता करायचे. व्हाळापाशी पोचल्यावर पाण्याच्या कडेचा, अर्धा बाहेर असलेला एक दगड नजरेत धरायचे आणि मधूनमधून त्याच्याकडे बघायचे. दगड बुडायला लागला की गप्पा बंद आणि परत. कुठलंही अॅप याहून लवकर सावध करणार नाही.

काही वर्षांपूर्वी आत्येभावाच्या मुलाबरोबर सहा जण आले होते. सकाळी साकव (लहान पूल) नसलेला एक व्हाळ सहज ओलांडून पलीकडे गेले. मी बरोबर जायला हवं होतं, घरच्या कामामुळे गेलो नाही. दुपारी परतताना त्याच जागी कमरेएवढं पाणी. दोघं दोरी बांधून उतरायला निघाले होते. सुदैवाने पलीकडच्या काठावर गुरं राखणारे एक काका होते. त्यांनी ओरडून सगळ्यांना वर बसायला लावलं. तीन तास पावसात बसावं लागलं, अंधार पडता पडता पाणी उतरलं आणि सगळे घरी आले. डोंगरातले व्हाळ जसे पटकन भरतात तसेच पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतात. म्हणून पलीकडे अडकलात तर उंच जागी बसा आणि थांबा. नेटवर्क असेल तर ११२ लावा. जोराच्या प्रवाहात गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय काढतं.

वझराखालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, पोहणं ही याच चुकीची धाकटी बहीण. वरून पडणारं पाणी तळाला खोल खड्डा करतं आणि आतला ओढ वरून कळत नाही. शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरला तर तलावात पोहायला शिकलेला माणूसही गडबडतो. पोटात दारू असेल तर विचारायलाच नको.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते: चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसात भरतात. पाणी शांत, हिरवट, अगदी तरणतलावासारखं दिसतं. पण भिंती सरळ कापलेल्या असतात, एकदा आत पडलात की बाहेर यायला पाय ठेवायला जागा नसते. इथलीच मुलं त्यात बुडाली आहेत. बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणींचंही तेच. फोटोसाठीसुद्धा कडेला जाऊ नका, कारण भिजलेली कड ढासळते.

दूधसागरला रुळांवरून चालत जाणं

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि पावसात त्याच्यासारखं दुसरं दृश्य नाही, हे खरं. पण कुळेहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, कारण वाटेत नदी ओलांडावी लागते. मग लोक कॅसलरॉक किंवा कुळेहून रेल्वेमार्गाने चालत निघतात. हा घाटाचा मार्ग आहे, वळणं आणि बोगदे यांनी भरलेला. धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी शेकडो जणांना तिथून परत पाठवलं होतं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

उपाय सोपा आहे: गाडीत बसा. हाच मार्ग धबधब्याच्या अगदी समोरून जातो. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस याच घाटातून बेळगाव, मिरज, पुण्याकडे जाते. तिकीट काढताना घाट दिवसाउजेडी लागेल एवढं मात्र बघा. दारात लोंबकळू नका, खिडकीतून पुरेसं दिसतं.

"गेल्या वर्षी उघडं होतं" यावर विसंबणं

जुलै २०२३ मध्येच नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. तेव्हापासून कुठे जाता येतं, कुठे परवाना लागतो, कुठे गाइड सक्तीचा, हे मोसमाप्रमाणे बदलतं. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर बेत आखू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या भागातल्या वन खात्याच्या कार्यालयात विचारा. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याला पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका, कुठला व्हाळ कधी फुगतो हे त्यालाच ठाऊक असतं.

हवामान खात्याचे रंगही समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे धोका टाळण्यासाठी पावलं उचला. चोवीस तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. नारिंगी आणि लाल दिवशी मी स्वतः रानात पाऊल टाकत नाही. त्या दिवशी सांग्याला साळावली धरणावर जा. धरण भरल्यावर गोल सांडव्यातून पाणी आत कोसळताना बघायला कठड्यामागून सगळ्यांना जमतं, आजीआजोबांनाही. किंवा तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघा: कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, भोवती गच्च रान, आणि गाडी जवळपर्यंत जाते. फक्त मागची नदी लांबूनच बघा.

बेतात एक मोकळा दिवस ठेवा. शनिवार-रविवारात एकच धबधबा ठरवून आलेली माणसं पाऊस वाढला तरी "आता आलोच आहोत तर" म्हणून पुढे जातात. माझ्या मते निम्मे अपघात या "आलोच आहोत"मुळे होतात.

जळवांना घाबरून भलतेच उपाय करणं

पावसात आमच्या रानात जळवा असणारच. जळू विषारी नसते, चावते तेव्हा बहुधा कळतही नाही. काडीने चटका देणं किंवा अंगाला लागलेल्या जळवेवर मीठ ओतणं टाळा, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. ओढून उपटूही नका. चामडीला चिकटलेल्या बारीक टोकाखाली नख सरकवा, पकड सुटते. मग दुसरं टोक सोडवा. तिच्या लाळेत हिरुडिन असतं, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो आणि जखम दोन-तीन तासही ओली राहते. साबणाने धुवा, स्वच्छ कापड दाबून बांधा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच यावं.

टाळण्यासाठी पँट मोज्यात खोचा. आमच्याकडे तंबाखूच्या पाण्यात मोजे भिजवतात, त्याचा उपयोग होतो. चालताना थांबू नका, सगळ्यांत जास्त जळवा फोटो काढताना चढतात.

आधारासाठी फांदी धरणं

निसरड्या उतारावर हात आपोआप फांदीकडे जातो. पण पावसाळ्यात चापडा जातीचे साप हाताच्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून तासन्‌तास बसतात, कधी हिरवे, कधी तपकिरी, शेवाळासारखे. काठी घ्या आणि तिच्यावर भार द्या. हात टेकण्याआधी बघा, बूट घालण्याआधी झटका. दंश झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका, साप मारायच्या मागे लागू नका. तो भाग हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनलेलं आहे, चापड्यावर नाही. म्हणून साप दिसला असेल तर त्याचं वर्णन डॉक्टरांना सांगा, तेवढं पुरे.

चुकीच्या आठवड्यात येणं

जुलै सर्वांत ओला. पहिल्यांदाच येत असाल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर निवडा: ऊन-पावसाचा खेळ असतो, व्हाळ नितळ असतात, रस्ते मोकळे. पण चवथीचे दिवस सोडून. गणपतीत गावातलं प्रत्येक घर गुंतलेलं असतं, ना वाटाड्या मिळतो ना जेवण.

गाडीने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. चोर्ला आणि अनमोड घाटात धुकं आणि दरडी, अंधार पडायच्या आत उतरा, वळणावर फोटोला थांबू नका. नकाशा जवळची म्हणून गावातली वाट दाखवतो, तिच्यावरचा साकव पाण्याखाली असू शकतो. वीज गेली की नेटवर्कही जातं आणि मोबाइलवरून पैसे देणं अडतं, रोख ठेवा. जीन्स आणू नका, वाळत नाही. समुद्रावर जून ते सप्टेंबर लाल बावटे असतात, पाण्यात शिरू नका.

रान घरी नेणं

पहिल्या पावसात वारुळांवर उगवणारी अळंबी आमच्याकडे पक्वान्न आहे, पण ती ओळखणारे वेगळे. दिसलं ते उपटून शिजवू नका, विषारी आणि खाण्याजोगी अळंबी सारखी दिसतात. रात्री कुणी बेडकाचं मांस "जंपिंग चिकन" म्हणून पुढे केलं तर नाही म्हणा. बेडूक मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शेतातल्या किड्यांवर तोच राखण करतो. बाटल्या व्हाळात फोडू नका, आमच्या बायका त्याच पाण्यातून अनवाणी शेतात जातात.

देवराईत तर पानही तोडायचं नाही. सत्तरीतल्या निरंकाराच्या रायीत रानटी जायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत. श्वासासाठी त्यांची मुळं गुडघ्यासारखी चिखलाबाहेर येतात. त्यांच्यावर पाय देऊन फोटो काढणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो. गावाला विचारून जा, चपला काढा.

रात्री म्हादईच्या रानात वन खात्याच्या परवानगीने, वाटाड्याबरोबर जायला मिळालं तर एक चूक करू नका: टॉर्च सतत लावून ठेवू नका. एका जागी उभे राहा, दिवा विझवा आणि दहा मिनिटं थांबा. डोळे सरावले की कुजक्या फांद्यांवरची बुरशी मंद हिरवी चमकताना दिसते. पावसाळ्याशिवाय ती दिसत नाही.

घरी पोचल्यावर पुढचे तीन-चार आठवडे ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं याकडे दुर्लक्ष करू नका. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून चाललात तर उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होऊ शकतो. तुमच्या शहरातल्या डॉक्टरांच्या ते पटकन लक्षात येणार नाही. त्यांना स्वतःहून सांगा की पावसात गोव्याच्या रानात, चिखलातून चाललो होतो.